दोन खांब, एक फोटो आणि बावीस वर्षं : केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे : केनियातल्या एका घराने पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दोन लाकडी खांब १९८५ मध्ये चोरीला गेले आणि २००७ मध्ये अमेरिकन म्युझियममधून परत घरी आले, त्याची ही गोष्ट. त्या घराचं, गावाचं, माणसांचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण ते खांब एकदा चोरीला गेलेत आणि पत्ता सांगून परत कुणाला वाट दाखवायची नाही. संस्था मात्र नावानिशी देतोय, त्यांचं सगळं जाहीर आहे.

पार्श्वभूमी

केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या दक्षिणेपासून मालिंदीपर्यंतच्या पट्ट्यात मिजिकेंडा लोक राहतात. मिजिकेंडा म्हणजे नऊ वस्त्यांचे लोक. गिर्यामा, डिगो, दुरुमा, चोन्यी, राबाई वगैरे नऊ समाज, त्यातल्या मुख्यतः गिर्यामांमध्ये एक प्रथा आहे, गोहू नावाच्या मंडळाचा मानकरी पुरुष वारला की लगेच नाही पण काही काळाने त्याच्या नावाने एक लाकडी खांब कोरून वस्तीत उभा करायचा. एक असेल तर किगांगो, अनेक असतील तर विगांगो. लगेच का नाही, तर आधी तो पूर्वज घरातल्या कुणाच्या तरी स्वप्नात यावा लागतो, किंवा घरात आजारपण, पीक बुडणं, मूल न होणं असं काही सुरू झालं की जाणत्याला विचारतात, तो सांगतो अमक्याचं करायचं राहिलंय. हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, देवघरातले टाक ज्यांच्या घरी आहेत त्यांना लगेच कळेल.

खांब दिसायला कसा, तर चार फुटांपासून नऊ फुटांपर्यंत उंच, फळीसारखा चपटा, वर गोल सपाट डोकं, मान बारीक, अंगभर त्रिकोणी खाचा ओळीनं पाडलेल्या आणि मध्ये कुठेतरी फुलासारखी चकती. खाचांमध्ये चुना, काळा, तांबडा भरलेला असतो. लाकूड असं निवडतात की वाळवी सहज धरत नाही. हात नाहीत, पाय नाहीत, पण समोर उभं राहिलं की माणूसच वाटतो. त्याच्या पायाशी माडी ओततात, अन्न ठेवतात, कापडाच्या चिंध्या बांधतात. तो वस्तू म्हणून नसतोच, तो त्या माणसाचं राहायचं ठिकाण असतो.

आणि एक नियम, ज्यावर पुढचं सगळं प्रकरण फिरतं : एकदा रोवलेला खांब हलवायचा नाही. कुटुंब शेतीसाठी दुसरीकडे राहायला गेलं तरी खांब तिथंच राहतो, नव्या जागी त्याच्या बदली छोटा खुंट लावतात. म्हणजे रिकाम्या पडलेल्या जुन्या वस्तीत उभे दिसणारे खांब सोडून दिलेले नसतात. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र ते बेवारस वाटतात, आणि दलालाला तर तसं वाटणं सोयीचंच असतं.

दुसरी बाजू संग्रहालयाची. केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय म्हणजे नॅशनल म्युझियम्स ऑफ केनिया ही एकच इमारत नाही, नैरोबीच्या म्युझियम हिलवरचं मुख्य संग्रहालय (१९३० चं जुनं कॉरिंडन म्युझियम) आणि देशभरातली बरीच ठिकाणं मिळून ही संस्था आहे. किनाऱ्यावरचं त्यांचं मोठं ठाणं म्हणजे मोंबासाचा फोर्ट जीझस. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला, आराखडा पोर्तुगीज हिंदचा मुख्य स्थापत्यकार कैराती याचा आणि गवंडी गोव्याहून नेलेले, म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज किल्ले बघितलेल्याला तो ओळखीचा वाटेल. ब्रिटिशांनी त्याचा तुरुंग केला, १९५८ नंतर त्याचं म्युझियम झालं. मिजिकेंडांचं काम याच किनारी शाखेतली माणसं बघतात, आणि त्यातली काही स्वतः त्याच भागातली आहेत. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

काय घडलं

१९८५ साली एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई गिर्यामा भागात काम करत होत्या. एका वस्तीतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी आपल्या वारलेल्या दोन भावांसाठी दोन विगांगो उभे केले होते. बाईंनी त्यांचा खांबांबरोबर फोटो काढला. साधा फोटो, संशोधनाच्या टिपणासाठी, बस.

पुढे फोटोची प्रत द्यायला परत गेल्या तर खांब नाहीत. रात्रीत कुणीतरी उपटून नेले. म्हाताऱ्यांनी फोटो हातात घेतला आणि बाईंनाच विनंती केली की हे शोधायला मदत करा. विचार करा, ज्या दिवशी आपल्या भावांच्या खांबांचा पहिला फोटो हातात पडतो त्याच दिवसात खांब जागेवर नाहीत. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये ते गृहस्थ वारले. घरच्यांना पुढची सगळी वर्षं जे जे वाईट झालं, आजारपण असो की दुष्काळ, ते त्या चोरीशी जोडलेलं वाटत राहिलं.

चोरी करणारे बहुतेक त्याच भागातले बेकार तरुण असायचे, हातात थोडेसे पैसे पडायचे. तिथून मोंबासा आणि मालिंदीच्या पर्यटक दुकानांत माल जायचा, तिथून अमेरिकेतल्या डीलरकडे, तिथे काही हजार डॉलरला विक्री. घेणारे हौशी श्रीमंत लोक, ते काही वर्षं घरात ठेवून म्युझियमला दान करायचे आणि करात सूट घ्यायचे. म्युझियमच्या कार्डावर काय यायचं तर दात्याचं नाव, "स्मृतिस्तंभ, केनिया किनारा", आणि माप. कुठल्या वस्तीतून, कुणाचा, कधी, काही नाही. मला या सगळ्या साखळीत चोरापेक्षा जास्त त्रास त्या कार्डाचा होतो. चोर गरजू होता. कार्ड लिहिणाऱ्याकडे वेळ होता, टेबल होतं, शिक्षण होतं आणि विचारायचा प्रश्न एकच होता.

१९९९ मध्ये एका आफ्रिका अभ्यास परिषदेत दुसऱ्या एका संशोधक बाईंनी इलिनॉयमधल्या संग्रहातल्या विगांगोंच्या स्लाइड दाखवल्या आणि आपल्या बाईंनी पडद्यावर त्या दोनपैकी एक खांब ओळखला. चौदा वर्षांनी. फोटो होता म्हणून. नंतर दोघींनी मिळून अमेरिकन म्युझियमं धुंडाळली तेव्हा १९ म्युझियममध्ये मिळून जवळपास ३०० विगांगो निघाले, आणि चोरीतला दुसरा खांब सापडला व्हर्जिनियातल्या हॅम्पटन युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये. एकट्या हॅम्पटनकडे ९९ होते, इलिनॉय स्टेट म्युझियमकडे ३८.

नेमकी अडचण

वरवर बघता सोपं वाटतं, फोटो आहे, खांब आहे, द्या परत. पण तसं नव्हतं.

कायदा फारसा कामाचा नव्हता. केनियाचा १९८३ चा पुरावस्तू कायदा हलवता येणारी वस्तू १८९५ च्या आधीची असेल तरच तिला पुरावस्तू मानत होता, आणि हे खांब तर त्या म्हाताऱ्यांनी आपल्या हयातीत उभे केलेले. म्हणजे घरच्यांसाठी सगळ्यात जवळचा, सगळ्यात ताजा जो पूर्वज तोच कायद्याच्या दृष्टीनं सगळ्यात कमी संरक्षित. अमेरिकेत १९९० चा जो परत देण्याचा कायदा आहे तो तिथल्या मूळ रहिवासी जमातींपुरता, आफ्रिकेच्या वस्तूंना तो लागू नाही. त्यामुळे म्युझियमवर सक्ती कुणाचीच नव्हती, राहता राहिली ती नैतिक बाजू.

दुसरी अडचण त्या बेवारसपणाच्या युक्तिवादाची. डीलर लोकांचं म्हणणं की हे खांब टाकून दिलेले असतात, त्यांची शक्ती संपलेली असते, आम्ही तर कुजण्यापासून वाचवले. हे म्हणणं बरीच वर्षं चाललं कारण विरुद्ध बाजू मांडणारं कुणी त्या खोलीत नसायचंच.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात अवघड वाटते : परत मागायचा अधिकार नक्की कुणाचा? घरच्यांचा की देशाचा? घरच्यांकडे अमेरिकन म्युझियमशी पत्रव्यवहार करायची सोय नाही. देशाकडे, म्हणजे राष्ट्रीय संग्रहालयाकडे, ती आहे, पण मग खांब आला की तो संग्रहालयाच्या यादीत चढणार का?

समोर असलेले पर्याय

हे पर्याय मी माझ्या समजुतीनं मांडतोय, कुठल्या बैठकीच्या नोंदी नाहीत या.

पहिला, कोर्ट. चोरीचा माल आहे, पुरावा आहे, दावा करा. पण परदेशी कोर्टात खेड्यातलं एक कुटुंब विरुद्ध म्युझियम, खर्च कोण करणार, आणि एकदा वकील मधे आले की म्युझियम तोंड मिटून बसतं, बाकीच्या खांबांचीही दारं बंद होतात.

दुसरा, सगळेच्या सगळे ३०० एकदम मागायचे. तत्त्वाला धरून हेच बरोबर. पण त्यातले बाकीचे कुठल्या वस्तीतले, कुणाचे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मागणी मोठी आणि पुरावा दोनांचाच, तर समोरचा त्या दोनांवरही शंका घेतो.

तिसरा, आधी ते दोनच मागायचे, शांतपणे, घरच्यांच्या नावानं, आणि राष्ट्रीय संग्रहालय मध्यस्थ.

चौथा, खांब अमेरिकेतच राहू द्यायचे पण माहिती नीट लावायची, घरच्यांची माफी मागायची, नवा खांब करायला मदत द्यायची. ऐकायला समंजस वाटतं, पण हे त्यांच्या रीतीतच बसत नाही, कारण हलवलेला पूर्वज हलवलेलाच राहतो.

पाचवा, परत आणायचे पण नैरोबीत किंवा फोर्ट जीझसमध्ये काचेआड ठेवायचे. सुरक्षित, कागदोपत्री स्वच्छ, राष्ट्रीय वारसा म्हणून मान. जगात बहुतेक परत आलेल्या वस्तूंचं हेच होतं.

काय केलं

तिसरा धरला, आणि पाचवा सोडला. माझ्या मते या प्रकरणाचं सगळं मोल या दुसऱ्या निर्णयात आहे.

आधी अभ्यास पक्का केला. दोन्ही संशोधक आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या किनारी शाखेतला एक सहकारी यांनी मिळून २००३ मध्ये सगळा माग छापला, खांब कसे जातात, कुणाकुणाकडे किती आहेत, आणि तो फोटो. तिघांपैकी एक जण संग्रहालयाचा आणि त्या भागाची जाण असलेला होता, म्हणून "सोडून दिलेले" या शब्दाला तिथल्या रीतीतून उत्तर देता आलं : सोडून दिलेले नाहीत, जागेवर ठेवलेले आहेत. हा फरक बाहेरच्या विद्वानाने सांगितला असता तर मत ठरलं असतं, संग्रहालयाच्या माणसाने सांगितला म्हणून ती भूमिका ठरली.

मग घरच्यांची मागणी संग्रहालयामार्फत अमेरिकेत गेली. २००६ मध्ये वर्तमानपत्रांनी विषय उचलला, तिथल्या वाचकाला पहिल्यांदाच कळलं की बैठकीत शोभेला ठेवलेला हा खांब कुणाचा तरी भाऊ आहे. इलिनॉय स्टेट म्युझियमने २००६ मध्ये आपला खांब परत द्यायचं ठरवलं, २००७ मध्ये हॅम्पटननेही दिला. कोर्टाची पायरी कुणीच चढलं नाही.

त्याच काळात नैरोबीचं मुख्य संग्रहालय मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं, २००५ ते २००८. नवी दालनं उभी राहत होती. अशा वेळी अमेरिकेहून परत आलेली, पेपरात गाजलेली वस्तू हातात आहे आणि उद्घाटनाला ती मांडायची नाही, हे सोपं नसतं. कुठल्याही संग्रहालयात काम केलेल्या माणसाला विचारा, गर्दी खेचणारी एक वस्तू मिळावी म्हणून काय काय करावं लागतं. तरी खांब घरी गेले. जून २००७ मध्ये वस्तीत समारंभ झाला, अधिकारी आले, नाच झाला, गावकरी जमले आणि दोन्ही भाऊ परत आपल्या घरच्यांच्या अंगणात उभे राहिले. ज्यांनी शोधायला सांगितलं होतं ते मात्र वीस वर्षांपूर्वीच गेले होते.

निष्पत्ती

दोन खांब घरी, हे झालं थेट फळ. याच काळात देशात कायदाही नवा आला, २००६ चा राष्ट्रीय संग्रहालय आणि वारसा कायदा, आणि २००८ मध्ये मिजिकेंडांच्या काया, म्हणजे त्यांच्या देवराया, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. हे सगळं या दोन खांबांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण मिजिकेंडा वारसा हा शब्द तोवर सरकारी कागदात रुळला होता हे खरं.

आता बोचणारी बाजू. परत आलेले खांब लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात बंद करावे लागले. पुन्हा चोरी होऊ नये म्हणून. उघड्यावर, ऊनपावसात, हळूहळू झिजत मातीत जायचं हे ज्याचं काम तो खांब गजांआड. घरच्यांना दोष द्यायला मला जीभ रेटत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण म्युझियमची काच टाळली आणि घरी पिंजरा आला, याचा अर्थ चोरीचं कारण मिटलेलं नव्हतं, बाजारही चालूच होता.

दुसरी बाजू डेन्व्हरची. डेन्व्हरच्या निसर्ग आणि विज्ञान संग्रहालयाने आपल्याकडचे ३० विगांगो २०१४ मध्ये स्वतःहून परत द्यायचं ठरवलं, कुणी दावा केलेला नसताना. मोठ्या मनाचा निर्णय. पण यातल्या एकाचंही घर माहीत नाही, मग पाठवायचे कुणाकडे, ठेवायचे कुठे, यात वर्षं गेली, आणि पाठवायची वेळ आली तेव्हा केनियातल्या कस्टमने आयात कर मागितला. आपल्याच देशातून चोरून नेलेल्या वस्तूवर आयात कर! अधिकाऱ्याच्या फॉर्ममध्ये "कलावस्तू" असा रकाना असतो, "परत आलेला पूर्वज" असा नसतो, त्याला तोही काय करणार. पण तो रकाना आधी बदलून घेणं हे संग्रहालयाचंच काम होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी १९८५. फोटो एकट्या संशोधक बाईंच्या फाइलीत होता. त्याची एक प्रत फोर्ट जीझसमध्ये त्याच वर्षी जमा झाली असती, चोरीची तारीख लिहून, तर किनाऱ्यावरच्या दुकानांतच विचारपूस करता आली असती, निदान बंदरावर सांगता आलं असतं. माल देशाबाहेर जायला वेळ लागतो, तेवढा वेळ कुणी वापरलाच नाही. तेव्हा अशी पद्धतच नव्हती, मान्य, पण संशोधकानं टिपणाची प्रत स्थानिक संग्रहालयात ठेवावी ही अपेक्षा तेव्हाही अवघड नव्हती.

मग १९९९ ते २००६. खांब ओळखल्यापासून परत द्यायचा निर्णय होईपर्यंत सात वर्षं. यातली काही अभ्यासाला हवीच होती, घाई केली असती तर मागणी कच्ची राहिली असती. पण घरच्यांची मागणी आणि छापील अभ्यास हे दोन्ही बरोबरीनं चालू शकले असते असं मला वाटतं. म्हाताऱ्यांच्या पिढीतली माणसं तेव्हा एकेक करून जात होती, आणि कुठला खांब कुणाचा हे ओळखणारे डोळे त्यांचेच. हा मुद्दा लिहिताना खरंच वाईट वाटतं.

तिसरं, बाकीच्या ३०० चं. दोन खांब मिळाल्यावर लगेच वस्त्यांमध्ये उलट शोध सुरू करायला हवा होता. म्हणजे अमेरिकेतल्या प्रत्येक खांबाचे फोटो छापून गिर्यामा वस्त्यांत न्यायचे, कोरणाऱ्या सुतारांना दाखवायचे. खाचांची ठेवण, चकतीची जागा, डोक्याचा गोलावा यावरून कुणाचा हात आहे हे कारागीर ओळखू शकतो, निदान कुठल्या भागातला हे तरी सांगू शकतो. घर नाही सापडलं तरी गाव सापडेल, आणि गाव सापडलं तर काया सापडेल, तिथले वडीलधारे ठरवतील कुठे उभा करायचा. डेन्व्हरच्या पेट्या अडल्या त्या करामुळे, पण त्याआधीची वर्षं गेली ती या माहितीवाचून.

पिंजऱ्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. वस्तीतल्याच एखाद्या तरुणाला संग्रहालयाने राखणदार म्हणून पगार दिला असता तर, हा विचार मनात येतो. चोरी करणारेही बेकार तरुणच होते, आणि २००७ च्या समारंभाला जेवढा खर्च आला असेल त्यातून काही महिने तरी निघाले असते.

आपल्याकडच्या लोकांसाठी एवढंच की गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ पडलेले आहेत, कुठे पायरीला लावलेले, कुठे उकिरड्याजवळ. पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा फक्त दगडाचा काढू नका, मागचं देऊळ, झाड, शेजारचं घर फोटोत येऊ द्या आणि गावाचं नाव, तारीख, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा. त्या बाईंच्या फोटोत खांबाशेजारी त्याचा माणूस होता, म्हणून चौदा वर्षांनी हा कुणाचा हे सांगता आलं.